पडसं-खोकल्याचे दिवस आणि ताकदीच्या गोळ्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पहाटेची थंडी वाढली की या सदराच्या टपालात पडसं-खोकला वाढतो. यावेळच्या पत्रांत विचारणा एकाच गोष्टीची आहे: मेडिकलमधून आणलेल्या सी, डी, झिंकच्या गोळ्या, काढे आणि पावडरी सर्दी-तापाला अडवतात का, आणि झाल्यावर बऱ्या करतात का? उत्तरांत जागोजागी आकडे दिले आहेत. या विषयात 'थोडंसं' आणि 'रोज' या दोन शब्दांनीच सगळा घोळ होतो.

आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची संत्री घरात पडलेली असतात, पण सर्दी झाली की आई हात लावू देत नाही, 'थंड असतं' म्हणते. मुलगा मात्र सी जीवनसत्त्वाची ५०० ची चघळायची गोळी दिवसातून तीनदा खातो. बरोबर कोण?
— वाचक, वरुड तालुका

दोघंही चुकतात. फरक इतकाच की आईची चूक स्वस्तातली आहे आणि मुलाची महागातली.

पडसं विषाणूंमुळे होतं आणि असे विषाणू दोनशेच्या वर आहेत. संत्र्यानं त्यातला एकही अंगात येत नाही. घसा दुखत असेल तर आंबट फळ झोंबेल, तेव्हा दोन दिवस थांबा, पण 'कफ वाढेल' या भीतीनं बागेतलं फळ सोडून गोळी विकत आणायला नको.

आता मुलाचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोज पुरुषाला ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व लागतं. १०० ग्रॅम संत्र्याच्या गरात ते चाळीसच्या वर असतं, म्हणजे दोन मध्यम संत्र्यांत दिवसाचं काम भागतं. पेरूत १०० ग्रॅमला दोनशेच्या आसपास, आवळ्यात त्याहूनही जास्त. तुमचा मुलगा १५०० मिलिग्रॅम घेतो. ही अठरा दिवसांची गरज तो एका दिवसात तोंडात टाकतो. एका वेळी २०० मिलिग्रॅमपर्यंत शरीर जवळजवळ सगळं शोषून घेतं, एका वेळी हजाराच्या पुढे घेतलं तर निम्मंही नाही. न शोषलेलं आतड्यात राहून पोट फुगतं, जुलाब लागतात. शोषलेलं जास्तीचं लघवीवाटे जातं, पण जाताना त्यातल्या काहीचं ऑक्सॅलेट, म्हणजे मुतखड्यात सापडणारा क्षार, बनतं. दिवसभर वावरात घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या पुरुषाला मुतखड्याला एवढं निमित्त पुरतं. आधी खडा झालेला असेल तर ही गोळी बंदच करा. इतरांसाठीही दिवसाला २००० मिलिग्रॅम ही वरची हद्द आहे. आणि ही आंबट गोळी दिवसभर चघळत राहिल्यानं दातावरचं कवच झिजतं ते वेगळंच.

उपयोग किती? कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय गटानं २०१३ मध्ये २९ चाचण्यांतल्या अकरा हजारांवर लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. रोज सी घेणाऱ्या सामान्य लोकांना सर्दी होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. झालेली सर्दी मोठ्या माणसांत ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या पडशातून ८ टक्के म्हणजे साधारण तेरा तास. तेही कधी, तर गोळी आधीपासून रोज चालू असेल तर. नाक गळायला लागल्यावर सुरू केलेल्या गोळीचा खात्रीचा फायदा दिसला नाही. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक अशा मोजक्या लोकांत मात्र सर्दी निम्म्यावर आली होती. कापूस वेचणं कष्टाचं आहेच, पण तो प्रयोग वेगळ्या माणसांवरचा आहे, त्यावरून आपल्यासाठी निष्कर्ष काढता येणार नाही.

आवळा वर्षभर ठेवायचा असेल तर एवढं ध्यानात ठेवा की पाकात तासभर शिजलेल्या मुरंब्यात साखरच जास्त उरते. किसून, मीठ लावून, सावलीत पातळ पसरून वाळवलेल्या किसात सी जीवनसत्त्व त्यापेक्षा बरं टिकतं. दोन संत्री रोज खाता येतात त्या महिन्यांत तर कसलीच तजवीज नको.

आईचं वय ६२. गुडघे दुखतात आणि वरचेवर सर्दी होते म्हणून डॉक्टरांनी 'डी'ची पुडी लिहून दिली. दुधातून घ्यायची. आम्ही रोज एक देत होतो, पाच आठवडे झाले. आता तिला मळमळ आहे, शौचाला साफ होत नाही, रात्री चार-पाचदा लघवीला उठते. थंडीमुळे असेल का?
— वाचक, पुसद तालुका

थंडीमुळे नाही. हे पान मिटायच्या आधी पुडी बंद करा, कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही बंद करा, आणि उद्याच रक्त तपासायला न्या. कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी अशा तीन तपासण्या सांगा. आई गोंधळल्यासारखं बोलत असतील, सारखी झोप येत असेल किंवा उलट्या थांबत नसतील तर उद्याची वाट पाहू नका, आजच रुग्णालयात न्या. रक्तदाबासाठी 'पाणी काढायची' गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना नेऊन दाखवा, त्यातल्या काही गोळ्या कॅल्शियम आणखी वाढवतात.

ही चूक फार ठिकाणी होते, म्हणून सविस्तर लिहितो. त्या एका पुडीत ६०,००० युनिट असतात. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिटांची, म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची. डॉक्टर ती आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, आणि नंतर लागली तर महिन्याला एक अशी देतात. चिठ्ठीवर घाईत लिहिलेलं आठवड्याचं खूण-अक्षर वाचता येत नाही, दुकानदार 'दुधातून घ्या' एवढंच सांगतो, आणि दुधातली गोष्ट म्हटली की घरात ती रोजचीच होते. पाच आठवडे रोज म्हणजे ३५ पुड्या, एकवीस लाख युनिट. सी जीवनसत्त्वासारखं हे लघवीतून निघून जात नाही, चरबीत साठतं आणि रक्तातलं कॅल्शियम चढवतं. तहान, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, मळमळ ही त्याचीच लक्षणं, आणि पुढे मूत्रपिंडावर येतं. पुडी थांबवल्यावरही असर उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून एकदा तपासून सोडून देऊ नका.

पुढच्या वेळी पुडी हातात आली की पाकिटावरच पेनानं वार लिहा: 'सोमवार'. घरात दुसऱ्या कुणाला वाटून देऊ नका.

सर्दीचं म्हणाल तर २०१७ मध्ये २५ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा रोज किंवा आठवड्याला माफक डी घेणाऱ्यांत, आणि त्यातही ज्यांच्या अंगात डी फारच कमी होतं त्यांच्यात, श्वसनाचे आजार कमी झालेले दिसले होते. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत ते दिसलं नाही. पुढे आणखी चाचण्या जमा होत गेल्या तसा तो फायदा विरत गेला. ब्रिटनमध्ये करोनाच्या काळात सहा हजारांवर लोकांत केलेल्या चाचणीत डी देऊन ना सर्दी-खोकला कमी झाला, ना करोना. तेव्हा तपासणीत कमतरता निघाली तर हाडांसाठी डी जरूर घ्यावं. सर्दीसाठी म्हणून घेऊ नये.

म्या जिनिंगमधी कामाले जातो. दर साली कापूस चालू झाला का खोकला लागते, छाती आवळल्यावानी होते. सोमवारी जास्त. इम्युनिटीची पावडर घेऊ का?
— वाचक, हिंगणघाट

नका घेऊ. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा सरता सरता हलकं वाटतं, ही खूण विषाणूची नाही, कापसाच्या धुळीची आहे. त्याला बिसिनोसिस म्हणतात आणि वर्षानुवर्षं चालू राहिलं तर फुप्फुस कायमचं आखडतं. कोणतीही पावडर धूळ अडवत नाही. रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही, एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसवा. फुंकून पाहायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, सोमवारी कामावर जायच्या आधी आणि सुटल्यावर अशी दोनदा झाली तर उत्तम. बिडी असेल तर ती आधी सुटली पाहिजे. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर बेडक्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, ती आधी करा. क्षयरोग वेगळा निघाला पाहिजे.

झिंकनं सर्दी लवकर बरी होते असं वाचलं. मेडिकलमध्ये झिंकची गोळी मागितली तर बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल दिली. हीच का ती?
— वाचक, दर्यापूर

ती नव्हे. ज्या चाचण्यांत झिंकनं सर्दीचे दिवस कमी झाले त्यातल्या बहुतेकींत गोळी चघळायची-चोखायची होती, लक्षणं सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत सुरू केलेली, जागेपणी दर दोन-तीन तासांनी एक, दिवसाचं एकूण झिंक ७५ मिलिग्रॅमच्या वर. २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार सर्दी अडवायला झिंकचा उपयोग जवळजवळ नाही. झालेली सर्दी दोनेक दिवसांनी कमी होत असावी, पण पुरावा कच्चा आहे. तोंड कडू पडणं आणि मळमळ मात्र नक्की होते.

तुमच्या कॅप्सूलच्या पाकिटावर 'झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मि.ग्रॅ.' असं काहीसं छापलेलं असेल. हे झिंक सल्फेट या अख्ख्या क्षाराचं वजन. त्यातलं खरं झिंक साधारण २२ मिलिग्रॅम, आणि ते थेट पोटात जातं, घशाशी थांबत नाही. रोजची गरज पुरुषाला १७ आणि बाईला १३ मिलिग्रॅमच्या आसपास, वरची हद्द ४०. ही कॅप्सूल 'ताकदीची' म्हणून वर्षभर चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यात भर म्हणून दुसरी एखादी झिंकची गोळी आली की हद्द ओलांडली जाते आणि जास्तीचं झिंक आतड्यात तांब्याची वाट अडवतं. मग रक्त कमी होतं, हातापायाला मुंग्या येतात, आणि लोक त्या मुंग्यांसाठी तीच कॅप्सूल आणखी घेतात!

दोन सावधगिऱ्या आणखी. स्क्रब टायफससाठी डॉक्सीसायक्लिन किंवा इतर जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर झिंक, लोह, कॅल्शियम त्या औषधाला आतड्यातच बांधून टाकतात. प्रतिजैविक आधी घ्या, ही गोळी निदान दोन-तीन तासांनी. किंवा त्या पाच-सात दिवसांपुरती बंदच ठेवा. आणि नाकात घालायचं झिंक कुणी परदेशातून आणून दिलं तर वापरू नका. वास कायमचा गेल्याच्या तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला होता.

हेही सांगून ठेवतो, २०२० मध्ये अमेरिकेत करोनाच्या २१४ रुग्णांवर रोज ५० मिलिग्रॅम झिंक, ८००० मिलिग्रॅम सी, दोन्ही मिळून, आणि काहीच नाही असे चार गट करून पाहिले. लक्षणं कमी व्हायला लागलेल्या दिवसांत चारही गटांत भरवशाचा फरक दिसला नाही.

करोनापासून आमच्या घरी रोज सकाळी गुळवेल, मिरी, दालचिनी, ज्येष्ठमधाचा काढा होतो. वडिलांना बीपी आणि शुगर आहे. काढा घरचा, गुळवेल बांधावरची. त्यात काय वाईट?
— वाचक, धारणी तालुका

रोज आणि वर्षानुवर्षं, हे वाईट. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं नोंदवलं, आणि पुढे देशातल्या इतर ठिकाणांहूनही तशा नोंदी आल्या. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद काहीही असो, बांधावरची वेल ओळखीच्या वैद्याकडून पारखून घेतल्याशिवाय उकळू नका. थायरॉइडचा किंवा संधिवाताचा असा स्वतःवर उलटणारा आजार घरात ज्याला असेल, ज्याला आधी कावीळ झाली असेल, त्यानं घेऊच नका. भूक मरणं, अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं की काढा बंद आणि यकृताची तपासणी.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत आम्हाला जास्त काळजी ज्येष्ठमधाची वाटते. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. गोळ्या नीट घेऊनही बीपी का उतरत नाही याचं उत्तर कधी कधी सकाळच्या काढ्याच्या पातेल्यात असतं. गुळवेलीनं साखरही उतरू शकते, शुगरची गोळी वर असेल तर घाम सुटून चक्कर येईल.

घसा बसला तर आलं-तुळशीचं गरम पाणी दोन-तीन दिवस प्यायला हरकत नाही. गरम पाण्यानं बरं वाटतं, आणि तेवढंच त्याचं काम.

आमच्याकडची वायगाव हळद प्रसिद्ध आहे. दूध-हळद पुरेशी की कुरकुमीनच्या कॅप्सूल घ्याव्यात?
— वाचक, समुद्रपूर तालुका

२०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या तुमच्या हळदीचं कौतुक आहेच. पण सर्दीच्या विषाणूवर कुरकुमीनचा भरवशाचा परिणाम माणसांत दिसलेला नाही, कारण ते आतड्यातून फारसं रक्तात उतरतच नाही. म्हणून कॅप्सूलवाले त्यात मिऱ्यातलं पायपरीन घालतात, आणि शोषण वाढलं की यकृतावरचा भारही वाढतो. इटली-अमेरिकेत अशा कॅप्सूलनंतर कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. भाजीत आणि दुधात चिमूट-दोन चिमूट हळद, बस्स.

नातू आठ महिन्यांचा. महिन्यातून एकदा तरी नाक वाहतं. मध-सुंठ चाटवू का? ताकदीचे थेंब आणि खोकल्याचं सिरप मेडिकलवाल्यानं दिलं आहे.
— आजी, आरमोरी तालुका

आजी, मध अजिबात नको. वर्षाच्या आतल्या लेकराच्या आतड्यात मधातले बोट्युलिझमचे जंतू रुजू शकतात. लेकरू आधी दूध ओढेनासं होतं, मग लुळं पडतं. चाटण म्हणून बोटाच्या टोकाएवढाही नको. वर्ष पूर्ण झालं की रात्री झोपताना अर्धा चमचा मध खोकल्याला खरोखर आराम देतो, आणि तो सिरपपेक्षा बरा.

सिरप परत करा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लेकरांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि वीसच्या वर लेकरं दगावली. त्यातली कित्येक नागपूरला उपचारासाठी आणलेली होती. पण औषध शुद्ध असलं तरी दोन वर्षांखालच्या लेकराला खोकल्याचं सिरप द्यायचंच नसतं.

थेंबांचं म्हणाल तर बाटलीवर 'ए' आणि 'डी' किती लिहिलंय ते आशाताईंना दाखवा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 'ए' जीवनसत्त्वाचा एक लाख युनिटचा डोस मिळतो आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा. तो चुकवू नका. त्यावर बाजारातले थेंब डोळे झाकून घालत राहू नका. श्वसनातून पसरणाऱ्या विषाणूंपैकी गोवर हा असा आजार आहे की त्यात जीवनसत्त्व हेच औषध ठरतं. गोवर झालेल्या लेकराला डॉक्टर वयाप्रमाणे 'ए'चे दोन मोठे डोस लागोपाठ दोन दिवस देतात, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. साध्या पडशात तसा फायदा नाही.

महिन्यातून एकदा नाक वाहणं या वयात नेहमीचंच आहे. तुम्ही मोजायचा तो श्वास. लेकरू शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करून पोट पाहा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहानांचा श्वास मध्येच थांबतो-पळतो. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगडीखालचा भाग आत ओढला जात असेल, तर रात्र असली तरी न्या. दूध ओढत नसेल तर मोजतही बसू नका.

मुलाला सिकलसेल आहे, एसएस. सर्दी-तापात तो फार खचतो. लोहाची आणि झिंकची गोळी चालू करू का?
— वाचक, गडचिरोली जिल्हा

लोह आपल्या मनानं नको. सिकलसेलमध्ये पेशी फुटून रक्त कमी होतं, लोह कमी असतंच असं नाही. वरून रक्त चढवलेलं असेल तर ते साठलेलंही असतं. फेरिटिन, म्हणजे अंगात साठलेलं लोह, तपासूनच ठरवायचं. फॉलिक अॅसिड आणि हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर त्यात खंड नको, सर्दीतही नको. या मुलांना खरा धोका न्यूमोकोकस या जंतूचा असतो, त्यामुळे न्यूमोकोकल लस पूर्ण झाली का आणि पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन द्यायचं का, हे विचारा. ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर घरी क्रोसीन देऊन वाट पाहू नका, थेट रुग्णालय. पाणी भरपूर पाजा, कारण कोरड पडली की कळा सुरू होतात.

अशक्तपणा आला की गावातले डॉक्टर पिवळी सलाईन लावतात. दोन बाटल्यांत उभा राहतो माणूस. ती रोगप्रतिकारक असते का?
— वाचक, चिमूर तालुका

पिवळा रंग बी-२ जीवनसत्त्वाचा, बाटलीत मिसळलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनचा. ५०० मिलिलिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, गोड सलाईनमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच चमचे. माणूस उभा राहतो तो दोन तास आडवा झाल्यामुळे, पाणी मिळाल्यामुळे आणि ताप एव्हाना उतरायलाच आलेला असल्यामुळे. विषाणूवर तिचा काहीही परिणाम नाही. ज्याचं हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर आहे अशा म्हाताऱ्याला घाईनं दोन बाटल्या दिल्या तर पाणी फुप्फुसात उतरून दम लागतो, आणि तो दम मग न्यूमोनिया समजला जातो. तोंडानं पिता येत असेल तर ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घोळा आणि घोट घोट पाजा. त्यापेक्षा ते पैसे साठी ओलांडलेल्यांच्या, गरोदर बाईच्या, दमेकऱ्याच्या, शुगरवाल्याच्या फ्लूच्या लसीला लावा. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि असर यायला दोन आठवडे लागतात, म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी घ्या. फ्लूच निघाला तर ऑसेल्टामिविर हे औषध आहे, पण ते ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. सलाईनच्या बाटल्या मोजण्यात ते दोन दिवस निघून जातात.